डाव्या हाताचा हिवाळा

जाहीर नोटीस. तमाम सगेसोयरे, गिऱ्हाइकं, शेजारी आणि सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळाचे सन्माननीय सभासद यांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझा उजवा हात, ज्याने बावन्न वर्षे जेवण, लेखन, नमस्कार आणि दोनदा मारामारी अशी सेवा एकनिष्ठेने बजावली, त्यास तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत सक्तीच्या रजेवर पाठविण्यात येत आहे. या काळात त्याची सर्व कामे डावा हात पाहील. होणारी सांडलवंड, फूटतूट व अपमान यांस कोणीही जबाबदार राहणार नाही.

ही नोटीस मी त्या वर्षी आमच्या भांड्यांच्या दुकानात, माझ्या बैठकीमागच्या भिंतीवर खडूनं लिहायला घेतली. आणि नियमाला धरून, डाव्या हातानं. 'जाहीर' लिहून होईतो घाम फुटला. 'नोटीस' भिंतीवरून उतरून खुंटीकडे निघाली. शेवटी लेखनाचा नाद सोडला आणि उरलेला मजकूर येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडीच ऐकवला, हात छातीशी नेऊन, नाटकातल्या राजासारखा. लोक हसले. देवळीहून आलेल्या एका काकाजींनी भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हे तेलगू हाय का?"

मीही हसलो. लोकांना हसवणं हा माझा धंद्याबाहेरचा धंदा आहे. पण तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं ते आता सांगतो. मी घाबरलेलो होतो. हसणं थांबवलं असतं तर दात वाजलेले ऐकू आले असते, इतका.

परवा सिंदीच्या रस्त्यानं येत होतो. कापसाच्या गाड्या भरून चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळी नेहमीप्रमाणे प्रत्येक गाडीतून एकेक चिमूट काढून घेत होत्या. काट्याकाट्याला पांढरं लागलेलं. सकाळची थंडी, कापसाच्या ओल्या पऱ्हाटीचा वास, चहाच्या टपरीवर तोंडातून वाफा काढत उभी असलेली माणसं. कुणालाही बरं वाटावं असं दृश्य. मी मात्र नजर खाली घातली आणि चाल वाढवली. तीन हिवाळे झाले, कापूस फुटला की ती भीती परत येते.

आमच्या दुकानाचा हंगामही हाच. कापूस विकला जातो, तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं निघतात, मग संक्रांतीचं वाण. सगळ्यांना भांडी लागतात आणि सगळ्या भांड्यांना नावं लागतात. नाव नसलेलं भांडं आमच्याकडे घरचं समजत नाहीत. पंगतीसाठी मागून नेलेलं पातेलं, शेजारी भाजी घेऊन गेलेली वाटी, ही सगळी नावाच्या जोरावर घरी परत येतात. ते नाव टाकणारा मी. पेनासारखं एक यंत्र असतं. बटण दाबलं की त्याचं टोक थरथरतं आणि स्टीलवर टर्रर्र करत अक्षरं उमटवत जातं. तीस वर्षं मी तो आवाज मांडीवर घेऊन बसलो आहे. अर्ध्या तालुक्याची नावं या हातातून गेली आहेत. एखादी बाई दहा वर्षांनी दारात उभी राहिली तरी मी म्हणत असे, "या, कौसल्याबाई! डबा कसा हाय? 'ल्य' जरा वाकडा झाला होता तुमचा." बाई थक्क. बाजूचे चार लोक थक्क. मी भुवया उडवून खाली बसायचो. असा माझा तोरा.

त्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या आधीच, एके दुपारी बायकोनं संक्रांतीच्या वाणाच्या दोन डझन वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. "नावं टाकून ठेवजा जी," म्हणाली आणि शेजारी गेली. पहिली वाटी मांडीवर घेतली. यंत्र सुरू केलं. 'सौ' लिहिलं. टिंब दिलं.

पुढे काही नव्हतं.

विसरणं म्हणजे नाव ओठावर येऊन अडतं, अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. ओठावर काही नव्हतं, ओठामागेही काही नव्हतं. आपल्याच घराचं दार उघडावं आणि आत घर नसावं, थेट पलीकडचं मोकळं वावर दिसावं, तसं. यंत्र हातात थरथरत होतं. रस्त्यावर एक ऑटो आला, थांबला, माणूस उतरवला, सुट्ट्यांवरून थोडी बाचाबाची झाली आणि ऑटो निघून गेला. तेवढा वेळ मी सत्तावीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव शोधत होतो. फोन काढला. फोनमध्ये तिचा नंबर 'घर' या नावानं ठेवलेला. शेवटी खण ओढला, गॅसचं पुस्तक काढलं आणि त्यावर वाचलं: अपर्णा.

आता लिहायला किती सोपं जातं!

उरलेल्या तेवीस वाट्यांवर 'सौ. अपर्णा' टाकलं, एकदाही न अडखळता. पण त्या पहिल्या वाटीला मी पुन्हा हात लावला नाही. लावता आला नाही. कढयांच्या चळतीमागे ती लपवून ठेवली. बायकोनं आल्यावर मोजून विचारलं, "एक कमी काऊन जी?" मी म्हणालो, "लाईन गेली होती, यंत्र बंद."

घाबरण्याचं कारण एका वाटीपुरतं नव्हतं. हे दुकान बाबांनी काढलं. बाबांच्या काळात यंत्र नव्हतं. ते छिन्नी-हातोडीनं एकेक टिंब ठोकून नाव काढत. टक टक टक, पितळेवर, तांब्यावर. त्यांचं अक्षर बोटानं वाचता यायचं. सत्तरीच्या आसपास बाबा विसरू लागले. आधी त्याचे विनोद झाले. मीच केले. देवळात जातो म्हणून निघाले आणि न्हाव्याकडे जाऊन हात जोडून बसले, हा किस्सा मी लग्नाकार्यात साभिनय सांगत असे आणि लोक डोळे पुसत. मग एक दिवस विनोद संपले. बाबा दुकानात येत, टांगलेली भांडी खाली घेत आणि त्यांवरची नावं बोटानं चाचपत बसत.

एकदा घरातली जुनी परात त्यांच्या हाती लागली. नाव चाचपलं. पुन्हा चाचपलं. मला हाक मारली. तेव्हा ते मला 'मास्तर' म्हणत, का ते कधीच कळलं नाही.

"मास्तर, हा मानूस कोन हाय जी? याची परात आपल्याकडंच राह्यली. बिचारा शोधत असंन. नेऊन द्या त्याले."

परातीवर बाबांचंच नाव होतं.

मी परात पिशवीत घातली, चौकापर्यंत गेलो, रसवंतीच्या बाकावर थोडा बसलो आणि परत आलो.

"देल्ली?"

"देल्ली, बाबा."

"काही म्हनला का?"

"लई खूश झाला."

बाबा समाधानानं हसले. हा किस्सा मी लग्नाकार्यात कधी सांगितला नाही. बाबांचं नाक मला आलं, टक्कल आलं, दुकान आलं. आणखी काय काय येणार, हा प्रश्न त्या 'सौ.'च्या टिंबापाशी माझी वाट पाहत बसला होता.

मी तोंड उघडून कुणाला विचारलं नाही. पण भ्यालेल्या माणसाचे कान फार लांब होतात. सकाळी सिव्हिल लाइनकडे फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळात ठोंबरे सर म्हणून गणिताचे निवृत्त मास्तर आहेत. मंडळींना रोज एक उपाय सांगितल्याशिवाय त्यांना चहा पचत नाही. त्या आठवड्यात मोबाइलवर त्यांना कुठूनसं आलं होतं की, माणूस जन्मभर एकाच हातानं कामं करतो म्हणून मेंदूचा अर्धा भाग धूळ खात पडतो. दुसऱ्या हाताला कामाला लावा, मेंदू जागा होतो, स्मरणशक्ती शाबूत राहते.

"साधं हाय," ठोंबरे सर काठी आपटून म्हणाले. "दोन खोल्याईचं घर हाय अन् तुम्ही एकाच खोलीत झोपून राह्यले. दुसरीची कडी तं काढा!"

बाकीचे हसले आणि घरी जाऊन विसरले. विसरणं त्यांना परवडत होतं. मी मात्र त्याच सकाळी टूथब्रश डाव्या हातात घेतला.

ब्रश पहिल्यांदा गालावर गेला, मग नाकात. दात राहिले बाजूला. सदऱ्याची गुंडी लावताना माझा डावा हात चोरासारखा चाचपडायचा. कुलपाला किल्ली लागेना. दुकान उघडायला पाऊण तास. समोरचा टेलर शटर वर करून, दोन सदरे बेतून, माझी गंमत पाहत उभा. चहाची कपबशी उचलली की बशी नाचायची. कंगव्यानं भांग नदीच्या पात्रासारखा वळणं घेत जायचा. मिश्या कातरायला घेतल्या तर एक बाजू आखूड झाली. तिच्या बरोबरीला दुसरी आणली, मग दुसरीच्या बरोबरीला पहिली. आठ दिवसांत समानता प्रस्थापित झाली, मिश्या उरल्या नाहीत.

बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मिश्या कुठं ठेवून आले जी?"

"गेल्या. विज्ञानासाठी गेल्या."

"बाकीचं तं घरी ठेवा."

तिनं एकच मर्यादा घालून दिली: जेवण उजव्याच हातानं. "मेंदू राह्यला तं राह्यला, नाई तं नाई. माह्या घरात डाव्या हातानं घास नाई जाणार." त्या आवाजापुढे ठोंबरे सरांचं विज्ञानही पाट सोडून उठलं असतं. तडजोड अशी ठरली की घास उजवा घेईल आणि पाण्याचा गडवा डावा उचलेल.

हा गडवा पितळेचा. लग्नात बायकोच्या मामानं आंदणात दिलेला. आणि तो मामा भांडी घ्यायला आमच्याच दुकानात आलेला. सोयरीक ठरली होती, तेव्हा भांडं दुसरीकडून घेणं शोभलं नसतं. त्यावर नाव बाबांनी ठोकलं होतं, छिन्नीनं: चंद्रकला. ते बायकोचं माहेरचं नाव. लग्नात माझ्या आईनं हौसेनं नवं नाव ठेवलं, आणि मी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'अपर्णा' लिहिलं. मुंडावळ्या डोळ्यांवर येत होत्या, मागून मित्र चिमटे काढत होते. लिहिताना मी शेजारी बसलेल्या मुलीला विचारलंसुद्धा नाही. ताट पाहून तिनं मान हलवली, की मुंडावळ्या हलल्या, कोण जाणे. त्यानंतर मी तिला 'अपर्णा'ही कधी म्हटलं नाही. मी तिला 'अवं' म्हणतो, ती मला 'अहो' म्हणते. दोन नावं असलेली ती बाई सत्तावीस वर्षं बिननावाचीच माझ्याशी बोलत आली. तिची आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. 'चंद्रकला' म्हणून हाक मारणारं त्यानंतर कुणी उरलं नाही.

पण हे सगळं मी आज जुळवतो आहे. तेव्हा मला एवढंच कळत होतं की गडवा जड आहे, डावा हात कापतो आहे, आणि पाणी सांडू नये म्हणून अंगठा कुठेतरी रुतवून धरायला हवा. तो अंगठा रोज त्या ठोकलेल्या अक्षरांवर बसायचा. अनुस्वाराचा खोल खड्डा, मग 'द्र'ची बोचरी शेपटी, शेवटचा काना. जेवण उरकेपर्यंत अंगठ्याच्या पोटावर त्याचे वळ उमटलेले असत.

डाव्या हाताच्या त्या दिवसांत सगळं हसण्यावारी गेलं असंही नाही. एक दिवस सकाळी पहिलंच गिऱ्हाईक, सेलूकडची एक बाई, लेकीच्या लग्नाचा तांब्या घ्यायला आली. तिच्यासोबत दोन जावा. मी माझ्या तंद्रीत तांब्या पुढे केला. डाव्या हातानं. बाईनं पदर असा मागे घेतला की जणू मी निखारा धरलाय.

"भाऊ! पोरीच्या लगनाचं भांडं हे. डाव्या हातानं देऊन राह्यले? काही कळते की नाई?"

मी घाईनं तांब्या उजव्या हातात घेतला. बायको आतून धावत आली, तांब्या माझ्या हातून घेतला, त्याला हळद-कुंकू लावलं, दोन्ही हातांनी बाईच्या ओटीत ठेवला, माफी मागितली. गिऱ्हाईक गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"मले खरं सांगा. हे काऊन करून राह्यले तुम्ही?"

"मेंदूला चालना..."

"ते माईत हाय. ठोंबरे सराईच्या बाईनं सांगितलं मले. सर सोता उजव्याच हातानं दात घासतेत. मी पुसून राह्यली, *तुम्ही* काऊन करून राह्यले?"

मी छातीवर हात नेऊन नोटीस म्हणून दाखवली, पूर्ण, सांडलवंडीपर्यंत. ती हसली नाही.

त्याच सुमारास गिरजाबाई आली. ती कापूस वेचणारी, पवनारजवळच्या एका खेड्यातली. हंगामात बाजाराच्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून घटकाभर बोलून जायची. माझी कपबशी नाचताना पाहून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आवो भाऊ, डाव्या हातासाठी एवढी मरमर? आमाले पाहा." आणि तिनं हवेतल्या हवेत कापूस वेचून दाखवला. दोन्ही हात पाखरांसारखे उठत, दोन बोंडांवर दोन चोची, पलटी, ओटीत, पुन्हा. कोणता हात डावा हे पाहणाऱ्याला कळूच नये. "एका हातानं वेचणारीले बाया ओळीतच नाई घेत संगं. मागं राह्यते ना ते."

माझ्या अंगात वीज खेळली. ठोंबरे सरांच्या उपायाचा चालताबोलता पुरावा पायरीवर बसला होता! मी पुढे सरसावलो. "म्हणजे गिरजाबाई, तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत राहत असेल, नाही का? विसरभोळं कुणी नसेल?"

ती ओटीतली कापसाची पिसं झटकत होती. झटकता झटकता, सहज, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

"माही माय पंचक्रोशीत नंबर एक होती भाऊ वेचाले. दोन्ही हात अशे चालत, मशीन फेल. सरता सरता मलेच पुसे, तू कोनाची वं पोरी? मी म्हनो, तुहीच. ते म्हने, नाई, माह्यी लहान हाय." मग उठली, पायातल्या चपला नीट केल्या. "पन हात चालतच राह्यले मायचे. गोधडीवर. काय वेचे, तिलेच ठाऊक."

ती गेली. मी थंडगार चहा तसाच धरून बसलो, डाव्या हातात. पहिल्यांदाच बशी अगदी स्थिर होती.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून गरगरतं. उपाय सोडायची हिंमत नव्हती, आणि त्यावरचा विश्वास गेला होता. दिवसभर मी स्वतःची परीक्षा घेत होतो. वर्धा ते नागपूर स्टेशनं क्रमानं. शाळेतल्या वर्गातल्या पोरांची हजेरी, बाकांप्रमाणे. कालची भाजी, परवाची भाजी. एक भाजी आठवली नाही तर छाती धडधडायची. आणि आठवली तर, ही खरंच परवाची की तेरवाची, म्हणून धडधडायची. गिऱ्हाईक नाव सांगायचं तेव्हा ते मी आधी कागदावर लिहून घ्यायचो. आधी कधी लिहीत नव्हतो. लोकांना वाटायचं, भाऊ आता काटेकोर झाले. यंत्र बंद केल्यावर जी शांतता होते तिला मी भिऊ लागलो, कारण त्या शांततेतच ते मोकळं वावर दिसलं होतं. घराचं दार उघडताना प्रत्येक वेळी अर्धा क्षण वाटायचं, आत घर असेल ना?

आणि एक दिवस बायकोला ती वाटी सापडली. गिऱ्हाइकाला मोठी कढई दाखवताना चळत हलली आणि वाटी घरंगळत तिच्या पायाशी आली. तिनं आधी कढई विकली. मग वाटी माझ्यासमोर ठेवली. 'सौ.' आणि पुढे लखलखीत कोरं स्टील. त्यात माझं बिनमिश्यांचं तोंड दिसत होतं.

"लाईन गेली होती," मी म्हणालो.

"लाईन आल्यावर तेवीस वाट्या केल्या तुम्ही."

मी कढयांची चळत सरळ करू लागलो.

"मामाजींचं असंच झालं होतं," ती म्हणाली. माझ्या बाबांना ती मामाजी म्हणायची. "शेवटी शेवटी मीच आंघोळ घालो त्याईले. मी विसरली नाई काही. उद्या दवाखान्यात जाऊ." आणि वाटी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, दागिन्याच्या डब्याशेजारी.

निकालासाठी तुम्ही थांबला असाल तर आत्ताच सांगून टाकतो: निकाल लागलेला नाही. डोक्याचे फोटो झाले, रक्त तपासलं, पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणाले. दर हिवाळ्यात जातो. कधी एखादं नाव निसटतं, कधी आठवडाभर काही निसटत नाही. डाव्या हाताबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करायचं तर करा, नवं काही शिकण्यात तोटा नाही, पण त्यावर विसंबून राहू नका. खात्री त्या देत नाहीत. त्यामुळे आजही दात डाव्या हातानंच घासतो आणि भीतही राहतो. दोन्हींची सवय झाली आहे, एकीची जरा जास्त. पण तो पहिला दिवस सांगायचा राहिला, आणि हे सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही दोघं. समोर भिंतीशी स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्यांची रांग, प्रत्येकाशेजारी पिशवी धरलेलं एक माणूस. कोण तपासायला आलंय आणि कोण सोबतीला, हे डोळ्यांवरून कळत होतं. मी माझे डोळे सोबतीला आलेल्यासारखे करायचा प्रयत्न करत होतो. बायकोनं फॉर्म भरला, माझं नाव, तिचं नाव, पत्ता. नंबर आला. आत डॉक्टरीणबाई, आमच्या लेकीएवढ्या. दार अर्धं उघडं, बाहेर रांग.

त्यांनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या: कमळ, किल्ली, संत्रं. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ते मी दुकानदाराच्या तोऱ्यात केलं आणि भुवया उडवल्या. मग कागद पुढे आला. "यावर घड्याळ काढा, काका. सगळे आकडे आणि अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दाखवा."

आणि इथे माझ्यातला नट जागा झाला. इतकी साधी गोष्ट? दोन महिन्यांची माझी तपश्चर्या कधी दाखवायची मग? मी पेन ऐटीत डाव्या हातात घेतलं.

घड्याळ अंड्यासारखं आलं. बारा बाहेर पडला. सात आणि आठ एकमेकांवर बसले. काटे काढताना हात घसरला आणि मिनिटकाटा घड्याळाबाहेर, कागदाच्या कडेपर्यंत गेला. मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं. डॉक्टरीणबाई कागदाकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा मऊ झाला होता, आणि तो मऊपणा मी ओळखला; बाबांकडे पाहताना माझा चेहरा तसाच व्हायचा. मला ओरडून सांगायचं होतं, बाई, मी उजवा आहे हो! पण तोवर त्यांनी काहीतरी लिहून घेतलं होतं.

"ते तीन शब्द?"

"कमळ," मी म्हणालो. "संत्रं." मधलं गेलं होतं.

"असू द्या. बरं काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीकडे बोट केलं, "या कोण?"

"बायको."

"नाव काय त्यांचं?"

दार उघडलं. आत घर नव्हतं.

तेच वावर, तसंच मोकळं, आणि या वेळी गॅसचं पुस्तक जवळ नव्हतं. बायकोकडे पाहायची हिंमत झाली नाही. तिचा श्वास थांबलेला मला ऐकू येत होता. पेन अजून डाव्या मुठीत होतं आणि मी ते बुडणाऱ्यासारखं आवळून धरलं होतं. अंगठा त्याच्या टोपणावर घासत होता, पुन्हा पुन्हा, एका बारीक खाचेवर. खड्डा. मग बोचरी शेपटी. मग काना. मी काही आठवत नव्हतो, शपथेवर सांगतो. अंगठाच वाचत होता.

"चंद्रकला," मी म्हणालो. बाजारात बोलतात तशा आवाजात. बाहेरची रांग वळून पाहू लागली.

सत्तावीस वर्षांत ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म ओढला, त्यावर बोट फिरवलं. "इथे अपर्णा लिहिलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्यांचं पेन माझ्या उत्तरासमोरच्या चौकोनाकडे निघालं. तेव्हा बायको खुर्चीवरून उठली, टेबलावर वाकली, त्यांचं मनगट धरलं आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलली:

"काट नका मारू जी बाई! बरोबर सांगितलं त्याईनं, तेच माह्यं नाव हाय!"